जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या भरतीतील माजी सैनिकांच्या १५ टक्के जागा : प्रत्यक्षात काय मिळते आणि ते कसे मागावे

सातारा जिल्ह्यातील, सैन्यात नायक या हुद्द्यावर असलेल्या एका जवानांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते इन्फंट्रीत असून सतरा वर्षांच्या सेवेनंतर पुढच्या वर्षी पेन्शन घेऊन गावी येणार आहेत. शिक्षण दहावी उत्तीर्ण आहे. जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे, तेव्हा नोकरी जवळजवळ नक्की समजावी का, दहावीच्या शिक्षणावर पदवी मागणाऱ्या पदाला अर्ज करता येतो का, आणि आपण स्वतः नोकरी घेतली नाही तर ती जागा मुलाला मिळेल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी सेवानिवृत्तीपूर्वी बरीच वर्षे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आस्थापनेवर काम केले असून सरळसेवा, म्हणजे पदोन्नतीने नव्हे तर थेट होणाऱ्या, भरतीच्या जाहिराती तयार करण्यापासून कागदपत्र पडताळणीपर्यंतची सर्व कामे हाताळली आहेत. या काळात पात्र असूनही रिकाम्या हाताने परत गेलेले फौजी मी इतके पाहिले आहेत की या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे सांगतो, की नोकरी नक्की समजू नये. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या सरळसेवेच्या पदांमध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या १९७९ च्या नियमांत गट क साठी १० आणि गट ड साठी २० टक्के आहे, त्यामुळे काही जण हे आकडे एकमेकांत मिसळतात. आपल्या जिल्हा परिषदेला आणि नगरपालिकेला राज्याचे १५ टक्केच लागू होतात. अमेरिकेच्या केंद्रीय सेवेत सैनिकाच्या परीक्षेतील गुणांत पाच किंवा दहा गुण मिळवून त्याला यादीत वर घेण्याची रीत रुजली होती. आपल्याकडे गुण वाढवून दिले जात नाहीत. आपल्याकडे प्रत्येक सामाजिक प्रवर्गात काही जागा बाजूला ठेवल्या जातात आणि त्या जागांसाठी माजी सैनिकांची आपापसांत स्पर्धा होते. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला पुढचे सर्व समजते, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

‘समांतर’ या शब्दाचा अर्थ असा, की हे आरक्षण सामाजिक आरक्षणाला आडवे छेदून जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात उभे (जाती-प्रवर्गांचे) आणि आडवे (त्या प्रत्येक प्रवर्गाच्या आतले) आरक्षण असा भेद स्पष्ट केला, आणि राज्य शासनाने १६ मार्च १९९९ च्या परिपत्रकाने समांतर आरक्षण कप्पेबंद पद्धतीने राबवण्याची कार्यपद्धती घालून दिली. कप्पेबंद म्हणजे खुल्या प्रवर्गातील माजी सैनिकांच्या जागा वेगळ्या, अनुसूचित जातींमधील वेगळ्या, इतर मागास वर्गातील वेगळ्या. एका कप्प्यातील रिकामी जागा दुसऱ्या कप्प्यातील माजी सैनिकाला दिली जात नाही.

आता यातले गणित पाहा, कारण फौजी माणसाची सर्वांत मोठी निराशा येथेच होते. समजा एखाद्या नगरपरिषदेने लिपिकांच्या वीस जागांची जाहिरात काढली. वीसचे १५ टक्के म्हणजे तीन, असे आपण मनात धरतो. परंतु बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या तक्त्याप्रमाणे, त्या वीसपैकी सहा जागा खुल्या, चार इतर मागास वर्गाच्या, तीन अनुसूचित जातींच्या आणि उरलेल्या सात बाकीच्या प्रवर्गांत एकदोन करून वाटल्या गेल्या, तर सहाचे १५ टक्के ०.९, चारचे ०.६ आणि तीनचे ०.४५ होतात. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून दिला की खुल्या प्रवर्गात एक आणि इतर मागास वर्गात एक अशा दोनच जागा उरतात. अनुसूचित जातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या कप्प्यांत शून्य येते. आठच जागांची जाहिरात असेल, तर कोणत्याच कप्प्यात अर्धी जागाही होत नाही आणि माजी सैनिकांच्या रकान्यात सर्वत्र शून्य लिहिले जाते. हे कार्यालय नियमाप्रमाणेच करत असते, पण लहान नगरपरिषदांना एका वेळी मोठी भरती क्वचितच करता येते, त्यामुळे वर्षानुवर्षे अशा ठिकाणी एकही माजी सैनिक या आरक्षणातून लागत नाही. माझ्या मते हा या व्यवस्थेतील खरा दोष आहे. अनेक लहान संस्थांच्या जागा जिल्हापातळीवर एकत्र मोजून माजी सैनिकांचा हिस्सा काढण्याची तरतूद शासनाने करायला हवी, असे मी सेवेत असताना लेखी सुचवले होते आणि आजही माझे तेच मत आहे.

या गणितातून आपल्यासाठी व्यवहारातील एकच गोष्ट निघते. मोठ्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. २०२३ मध्ये राज्यातील ३४ जिल्हा परिषदांनी मिळून १९,४६० पदांची भरती एकाच वेळी जाहीर केली होती आणि तिची परीक्षा आयबीपीएस या बँक-भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत झाली. अशा भरतीत एका संवर्गात एका जिल्ह्याला शंभर-दीडशे जागाही येऊ शकतात आणि मग बहुतेक कप्प्यांत माजी सैनिकांची जागा निघते. अर्ज करण्यापूर्वी जाहिरातीतील समांतर आरक्षणाचा तक्ता उघडून आपल्या प्रवर्गाच्या ओळीत माजी सैनिकांखाली कोणता आकडा आहे हे स्वतः पाहावे. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

येथे एक मुद्दा मागासवर्गीय फौजींसाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्या प्रवर्गात शून्य आणि खुल्या प्रवर्गात एक जागा असेल, तर ती जागा आपल्याला मागता येते का? १३ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे खुल्या प्रवर्गाच्या समांतर जागेसाठी फक्त खुल्या प्रवर्गातील उमेदवारांचा विचार होत असे. १९ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकाने त्यात दुरुस्ती झाली आणि खुला प्रवर्ग म्हणजे गुणवत्तेनुसार मागासवर्गीयांसह सर्व उमेदवार, असे स्पष्ट झाले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व देशभरासाठी मांडले. म्हणून महार रेजिमेंटमधून आलेल्या अनुसूचित जातीच्या जवानाला खुल्या प्रवर्गातील माजी सैनिकाच्या जागेवर गुणवत्तेने बसता येते. आजही काही कार्यालयांत जुन्या परिपत्रकाच्या आधारे याद्या लावल्या जातात. तसे आढळल्यास निवड यादीवरील हरकतीच्या मुदतीतच २०१८ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी हरकत द्यावी. जिल्हा परिषदेच्या नेमणुकांचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे चालत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते, हेही लक्षात ठेवावे. अनेकांचे महिने आणि पैसे चुकीच्या दाराशी वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आणखी एक गैरसमज असा आढळतो, की १५ टक्के जागा भरल्या जातात त्या गुणवत्तेने निवडलेल्या फौजींखेरीज जास्तीच्या असतात. तसे नाही. २००७ च्या राजेश कुमार डारिया निकालाने हे स्पष्ट केले आहे, की प्रथम त्या प्रवर्गाची गुणवत्ता यादी लावायची. त्या यादीत पुरेसे माजी सैनिक स्वतःच्या गुणांनी आलेले असतील, तर आरक्षण पूर्ण झाले असे मानायचे. कमी पडत असतील, तरच यादीच्या तळातील इतर उमेदवार काढून त्यांच्या जागी पुढचे माजी सैनिक घ्यायचे. म्हणजे १५ टक्के ही किमान हमी आहे.

आता गुणांविषयी. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत बहुतेक पदांना शंभर प्रश्न आणि २०० गुण होते, आणि गुणवत्ता यादीत येण्यासाठी किमान ४५ टक्के गुण आवश्यक होते. माजी सैनिकाची जागा रिकामी असली तरी ९० गुण न मिळवणाऱ्याला ती मिळत नाही. अशा जागेला पात्र उमेदवार न मिळाल्यास ती त्याच सामाजिक प्रवर्गातील दुसऱ्या उमेदवाराकडे जाते. दिव्यांगांच्या जागेप्रमाणे ती पुढील भरतीसाठी राखून ठेवली जात नाही. शिक्षक भरतीत तर डी.एड. आणि टीईटी झालेले माजी सैनिक इतके थोडे असतात, की अशा जागा रूपांतरित करून भराव्या लागतात. त्यामुळे परीक्षेची तयारी हीच मुख्य गोष्ट आहे. सतरा वर्षे हिंदीत हुकूम ऐकलेल्या माणसाला मराठी व्याकरणाचे प्रश्न सर्वांत जड जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. समास, प्रयोग, वाक्यप्रकार आणि शुद्धलेखन यांची आठवी ते दहावीची पुस्तके मागवून आतापासूनच रोज तासभर बसावे. सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी त्यामानाने लवकर हाती येते.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा. ज्या पदांना पदवी ही किमान अर्हता आहे आणि वेगळी तांत्रिक किंवा व्यावसायिक अर्हता नाही, अशा पदांसाठी १५ वर्षे सेवा केलेला दहावी उत्तीर्ण माजी सैनिक, किंवा सैन्यदलाचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र धारण करणारा, अर्ज करू शकतो. आपली सतरा वर्षे झालेली असल्याने ही सवलत आपल्याला मिळते. मात्र ती दोन ठिकाणी थांबते, आणि लोक तेथेच अडकतात. पहिले म्हणजे, पदाला टंकलेखन, नोंदणी, पदविका किंवा विशिष्ट अभ्यासक्रम लागत असेल, तर सैन्यातील सेवा त्याची जागा घेत नाही. औषध निर्माण अधिकाऱ्याला औषधनिर्माण परिषदेची नोंदणी लागतेच. महापालिकेच्या अग्निशामक पदाच्या बहुतेक जाहिरातींत सहा महिन्यांचा अग्निशमन अभ्यासक्रम मागितलेला असतो, मग उमेदवार कितीही तंदुरुस्त असो. लिपिकाच्या पदांसाठी टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र लागते. त्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि संगणकावरील मराठी टंकलेखनाच्या तयारीसाठी चार-सहा महिने हवेत. दुसरे म्हणजे, ऑनलाइन अर्जात शिक्षणाच्या रकान्यात पदवी नाही असे भरले, की काही वेळा अर्ज पुढे सरकत नाही. अशा वेळी खोटी माहिती भरून अर्ज पुढे ढकलू नये. जाहिरातीत दिलेल्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा पुरावा जपावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून संबंधित कार्यालयाला पत्र जाईल असे पाहावे.

वयाची अडचण आपल्याला येणार नाही. विहित कमाल वयोमर्यादेत सैन्यातील सेवेचा कालावधी आणि वर तीन वर्षे अशी सूट आहे. खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ वर्षे आहे, त्यामुळे सतरा वर्षांची सेवा जोडल्यावर चाळिशीतील फौजीला वयाची काळजी उरत नाही. दिव्यांग माजी सैनिकांसाठी मात्र जाहिरातींत ४५ वर्षांची वेगळी मर्यादा लिहिलेली असते, ती पाहूनच अर्ज करावा.

माजी सैनिक कोणाला म्हणावे, यावरही थोडे लिहिणे आवश्यक आहे. पेन्शन घेऊन निवृत्त झालेला, सैनिकी सेवेमुळे आलेल्या आजारपणाने किंवा अपंगत्वाने पेन्शनसह सोडलेला, आस्थापना कमी झाल्यामुळे सोडलेला, हे सर्व व्याख्येत येतात. आपल्या सोयीने, पेन्शन न मिळवता मध्येच राजीनामा देऊन आलेला येत नाही. सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले जवान या व्याख्येत येत नाहीत, आणि ही गोष्ट त्यांना पडताळणीच्या टेबलावर पहिल्यांदा कळते तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांनाही योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जा नाही. गावातील तरुणांना हे आधी सांगून ठेवावे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग, म्हणजे कागदपत्रे. एकदा आमच्या पडताळणीला एक सुभेदार आले होते. त्यांना त्यांच्या प्रवर्गातील माजी सैनिकांमध्ये सर्वांत जास्त गुण होते. परंतु अर्ज भरणाऱ्या सायबर कॅफेतील मुलाने ‘माजी सैनिक’ या रकान्यात ‘नाही’ असे भरले होते आणि त्यांनी अर्ज वाचून न पाहताच सही केली होती. डिस्चार्ज बुक त्यांच्या हातात होते, पेन्शन पेमेंट ऑर्डर होती, ओळखपत्र होते, पण अर्जात न केलेला दावा पडताळणीत मान्य करता येत नाही. आम्ही समितीसमोर त्यांचे प्रकरण ठेवले, समितीला नियम मोडता आला नाही. त्या दिवसानंतर मी प्रत्येक फौजीला एकच सांगत आलो, की अर्जाचा अंतिम मसुदा स्वतःच्या डोळ्यांनी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय तो सादर करू नका.

ओळखपत्र आणि नोंदणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते. त्यासाठी डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद लागतात. परीक्षा शुल्कात माजी सैनिकाला सूट असते, परंतु ती अर्जातील त्याच रकान्यावर अवलंबून असते. अधिवास प्रमाणपत्राकडे फौजींचे हमखास दुर्लक्ष होते, कारण सतरा वर्षे पठाणकोट, जोधपूर, दिमापूर करत फिरलेल्या माणसाच्या नावावर गावात वीजबिलही नसते. शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांचे रहिवासाचे पुरावे आणि युनिटमधील नोंदीतील मूळ गावाचा पत्ता यांवरून हे काम होते, पण त्याला वेळ लागतो. मागासवर्गीय उमेदवाराने जातीचे प्रमाणपत्र असले तरी वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आधीच करून ठेवावा. मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेला कुटुंब राज्यात राहत होते हे दाखवावे लागते ती तारीख, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेचे किंवा महसुली कागद शोधावे लागतात. सुट्टीवर आलेल्या दोन महिन्यांत हे सर्व होत नाही, म्हणून घरातील एखाद्या जाणत्या माणसावर ते काम सोपवावे.

लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राविषयी सावध करतो, कारण याची आठवण कोणी करून देत नाही. २००५ च्या नियमांनुसार २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो. माजी सैनिक म्हणून यात सूट नाही. पूर्ण तयारी, चांगले गुण आणि राखीव जागा असूनही या एका कागदावर बाद झालेले जवान मी पाहिले आहेत. सैन्यभरतीच्या वेळी या अटीशी त्यांचा कधीच संबंध आलेला नसतो.

पेन्शनबाबत अनेकांना भीती वाटते, की नोकरी लागली तर पेन्शन बंद होईल. केंद्राच्या १९८६ च्या पुनर्नियुक्त निवृत्तिवेतनधारकांच्या वेतननिश्चिती आदेशांत, कमिशन्ड अधिकाऱ्याखालील हुद्द्यावरून ५५ वर्षांच्या आत निवृत्त झालेल्यांची संपूर्ण सैनिकी पेन्शन वेतन ठरवताना दुर्लक्षित करण्याचे तत्त्व आहे. सैनिकी पेन्शन चालूच राहते आणि नव्या पदाचे वेतन साधारणपणे किमान टप्प्यावर निश्चित होते. नेमणुकीच्या वेळी आस्थापना विभागाला पेन्शन पेमेंट ऑर्डरची प्रत देऊन लेखी कळवावे, म्हणजे पुढे वसुलीचा प्रश्न येत नाही.

तिसरा प्रश्न मुलाचा, आणि या प्रश्नावर गावोगावी सर्वांत जास्त चुकीची माहिती पसरलेली आहे. पेन्शन घेऊन सुखरूप घरी आलेल्या फौजीच्या मुलाला हे १५ टक्के मिळत नाहीत. हे आरक्षण वारसाहक्काने जात नाही. सैनिकी सेवेत मृत्यू आलेल्या, किंवा अपंगत्व येऊन नोकरीस अयोग्य झालेल्या सैनिकाच्या कुटुंबातील फक्त एका व्यक्तीचा या राखीव पदांवर प्राधान्याने विचार होतो, मग तो प्रसंग युद्धातील असो की शांततेच्या काळातील, आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील नोंदणी लागते. त्या व्यक्तीला शिक्षणाच्या अर्हतेत सवलत नसते. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, किंवा कोल्हापूरच्या सैनिक टाकळीसारख्या घराघरात फौजी असलेल्या गावांतही शहिदांच्या पत्नींना ही तरतूद माहीत नसते, असा माझा अनुभव आहे. आपल्या गावात असे कोणी कुटुंब असेल, तर आपल्या अर्जाबरोबर त्यांच्याही नोंदणीची चौकशी करावी.

आपल्याला अजून एक वर्ष आहे. केंद्राच्या नियमांत कार्यमुक्तीच्या आधीच्या वर्षात युनिटच्या प्रमाणपत्रावर अर्ज करता येतो, आणि राज्यातील जाहिरातींतही तशी अट पाहावी. येत्या सुट्टीत आल्यावर पहिल्या आठवड्यात अधिवासाचा अर्ज द्यावा, टंकलेखनाच्या वर्गात नाव घालावे, आणि डिस्चार्ज बुक हाती येईल त्याच आठवड्यात साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्राची पावती घ्यावी.